देशी संगीताचें संग्रहालय : केळकरसंग्रह आणि नांदेड-लातूरचीं वाद्यें

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त संगीताचे मार्ग व देशी असे दोन भेद मानिले असून वाद्याध्यायांत तत, सुषिर, अवनद्ध व घन असे वाद्यांचे चार वर्ग केले आहेत. त्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्यानें ‘मानसोल्लासां’त महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असें नमूद केलें. म्हणजे आपल्या देशी गाण्याविषयीं ग्रंथ मुके नाहींत. परंतु ग्रंथांत नाद सांपडत नाहीं. त्याकरितां वाद्येंच जपलीं पाहिजेत.

या दृष्टीनें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा इतिहास लक्षांत घेण्याजोगा आहे. ‘अज्ञातवासी’ या नांवानें काव्यरचना करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं सुमारें १९२० पासून जुन्या वस्तु मिळविण्यास आरंभ केला. बालपणींच निवर्तलेल्या राजा या पुत्राच्या स्मरणार्थ १९६२ सालीं संग्रहालय स्थापन झालें, व १९७५ सालीं केळकरांनीं हा संग्रह राज्यशासनाच्या स्वाधीन केला. आज त्यांतील वस्तूंची संख्या वीस हजारांवर असून वाद्यांचें दालन विशेष प्रेक्षणीय आहे. संग्रहास आरंभ झाल्यापासून संग्रहालय स्थापन होईपर्यंत सुमारें चाळीस वर्षें गेलीं, हें येथें ध्यानांत धरावें. इमारत मागाहून येते. वस्तु मात्र वाट पाहत नाहींत.

नांदेड-लातूरकडे पाहिल्यास हें अधिकच पटतें. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ घालणारे गोंधळी संबळ व तुणतुणें वाजवितात. संबळ हें जोडवाद्य असून त्याचा एक भाग वांकड्या टोंकाच्या काठीनें वाजतो. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत वाघ्या-मुरळीच्या गाण्यास दिमडीची साथ असते. जुन्या दिमडीस घोरपडीचें कातडें मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें घोरपडीस संरक्षण मिळालें, तें योग्यच झालें. परंतु त्यामुळें त्या कातड्याची नवी दिमडी आतां होणें नाहीं. अर्थात् जो जुना नग उरला असेल, तोच त्या नादाचा साक्षी. तो आढळल्यास संग्राहकानें प्रथम वनखात्याकडे विचारणा करून मगच तो ठेवावा.

बाडें जमविणारांसही एक विनंति आहे. शाहिरी बाडांत पद्याच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या पद्याचा नुसता निर्देश असतो. लेखकाच्या काळीं तेवढा पुरे होता, कारण ती चाल सर्वांस ठाऊक होती. आज मूळ चाल गाणारा गेला कीं तो निर्देश निरर्थक होतो; पाठ शुद्ध राहतो, गाणें मात्र नष्ट होतें. यास्तव बाड हातीं येतांच त्या गांवच्या जुन्या गायकाकडून चाल म्हणवून ध्वनिमुद्रित करून ठेवावी.

नांदेड वा लातूर येथें असा संग्रह उभारणारांनीं प्रत्येक वाद्याबरोबर पांच गोष्टी टिपाव्या: तें घडविणाऱ्याचें गांव, वापरलेलें लांकूड व चामडें, सूर लावण्याची रीति, वाजविण्याचा प्रसंग आणि त्यावर म्हटलें जाणारें गाणें. एवढी नोंद नसलेलें वाद्य म्हणजे मिती व स्थळ नसलेलें पत्र होय; त्याची अडचण या त्रैमासिकाच्या वाचकांस निराळी सांगावयास नको.