जुनी झुलती खुर्ची

आपल्या भंडारा जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या घराच्या पडवींत झुलती खुर्ची धूळ खात पडलेली असते. दिवाळीपूर्वीं घर रंगवितांना तिच्यावरहि तेलरंगाचा हात फिरतो, नाहींतर ती जुन्या बाजारवाल्यास कवडीमोलानें दिली जाते. यांपैकीं कांहींहि करण्यापूर्वीं ती खुर्ची एकवार उलटी करून पाहावी.

बैठकीच्या खालच्या बाजूस पॉलिश बहुधा नसतें. तेथें लांकूड आपला खरा रंग दाखवितें. साग सोनेरी-पिंगट असून त्यांत काळसर रेघा असतात. तो हातास किंचित् तेलकट लागतो व खरवडल्यास चामड्यासारखा वास देतो. शिसव जांभळट-काळें आणि जड. लांकूड फिक्कट, गुलाबी झांकेचें व आखूड ठिपक्यांचें असल्यास तें यूरोपांतील बीच नामक वृक्षाचें समजावें.

बीचच्या दांड्या वेलीसारख्या वळलेल्या असतील, तर खुर्ची व्हिएन्ना पद्धतीची होय. मिखाएल थोनेट (१७९६–१८७१) यानें लांकूड वाफेनें मऊ करून सांच्यांत वांकविण्याची रीत पूर्णतेस नेली, आणि त्याच्या कारखान्यानें १८६० च्या सुमारास झुलत्या खुर्च्या काढल्या. १८६९ मध्यें त्याचा एकाधिकार संपतांच इतरांनींहि तशाच खुर्च्या बनविल्या. म्हणून केवळ वळणावरून निर्माता ठरत नाहीं. बैठकीच्या कड्याच्या आंतल्या अंगास डागलेलें नांव किंवा कागदी चिठ्ठी शोधावी लागते.

आपल्याकडील सुतारांनीं सागांत असाच आकार साधला असेल तर तो कसा ओळखावा? दांडीच्या रेषा पाहाव्या. वांकविलेल्या लांकडांत रेषा वळणाबरोबर वळतात. करवतीनें कापून काढलेल्या वक्र तुकड्यांत त्या सरळ जाऊन कडेपाशीं तुटतात. अशी खुर्ची हलक्या प्रतीची मानण्याचें मला कारण दिसत नाहीं. ज्या वाळवीपुढें बीच टिकत नाहीं, तिला जुना साग सहसा दाद देत नाहीं. स्क्रूकडेहि लक्ष द्यावें. माथ्यावर अधिक चिन्हासारखी खांच असल्यास तो स्क्रू १९३० नंतरच्या काळांतला. खुर्ची तरी नवी, नाहींतर दुरुस्त केलेली.

आतां पॉलिश. कोपऱ्यांत स्पिरिटाचा एक थेंब टाकावा. पृष्ठभाग चिकट झाला तर तें लाखेचें पॉलिश आहे, आणि मग पटाशीनें खरवडण्याची गरजच उरत नाहीं. ही लाख परकी वस्तु नव्हे! आपल्या रानांतील पळसावर व कोसमावर लाखेचे किडे वाढतात. कोसमावरील लाख अधिक फिक्कट व चांगली. तीच शुद्ध करून चपडा होतो. थेंबानें कांहींच न झाल्यास वरून तेलरंग दिलेला असावा. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. तो कोरडा घांसून त्याची धूळ मुलांच्या नाकातोंडांत जाऊं देणें फार धोक्याचें.

लाखेचें पॉलिश जेथें केवळ मळलें आहे, तेथें स्पिरिटांत भिजविलेल्या फडक्यानें हलके पुसल्यास जुना थर विरघळून पुन्हा एकसारखा बसतो. जेथें तो गेलाच आहे, तेथें एक लिटर स्पिरिटांत सुमारें १२० ग्रॅम चपडा रात्रभर कांचेच्या बाटलींत भिजत ठेवावा. लोखंडी भांड्यांत तो काळवंडतो. सकाळीं फडक्यानें गाळावा. कापसाची गोळी जुन्या धोतराच्या तुकड्यांत बांधून, तिला जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावून, पातळ थरांवर थर चढवावे. एक जाड थर देण्याची घाई केल्यास सुरकुत्या पडतात. पावसाळ्यांत हें काम करूंच नये. दमट हवेनें पॉलिशावर पांढुरकी झांक येते. धानाची कापणी आटोपल्यावरचे कोरडे दिवस यास उत्तम. स्पिरिट चुलीपासून दूर असावें, व तें विषारी असल्यानें लहानांच्या हातीं लागूं नये. जवसाच्या तेलाचीं फडकीं चुरगळून टाकल्यास आपोआप तापून पेट घेऊं शकतात; तीं पसरून वाळवावीं.

वेताची बैठक सैल झाली असून तुटली नसेल, तर ती बदलूं नये. खुर्ची उलटी करून खालून कोमट पाण्याचा बोळा फिरवावा व ती सावलींत वाळूं द्यावी. वेत वाळतांना आंखडून बैठक पुन्हा ताठ होते. मात्र ती पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर कोणास बसूं देऊं नये.