छंदाची खतावणी

१५ ऑगस्ट १९४९ रोजी भारतीय टपाल खात्याने पुरातत्त्व मालिकेतील तिकिटे प्रसृत केली. त्यांतील सर्वांत मोठ्या किमतीच्या, पंधरा रुपयांच्या तिकिटावर पालिताण्याच्या शत्रुंजय मंदिराचे चित्र होते. पुढे १९७४ साली भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त आणि १९८१ साली श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकानिमित्तही तिकिटे निघाली. ज्या घरांत आजोबांना तिकिटे जमविण्याचा छंद होता, तेथे ही तिकिटे अजूनही अल्बममध्ये जपलेली आढळतात. मात्र कागदावरील जलचिन्ह कसे पाहावे, कडेची छिद्रे कशी मोजावीत, मागचा डिंक मूळचा की नंतर लावलेला हे कसे ओळखावे, ही जाण पुष्कळदा आजोबांबरोबरच लोपते. अल्बम वारशाने मिळतो, जाण मिळत नाही.

ही जाण टिकावी म्हणून संग्राहक आता इंटरनेटवर एकत्र येतात. मंडळ स्थापन करणे सोपे. त्याची चर्चा कोठे चालवावी, हा निर्णय मात्र विचारपूर्वक घ्यावा लागतो.

बहुतेकांचा हात प्रथम व्हॉट्सॲपकडे वळतो. ते प्रत्येकाच्या खिशात असते, शिकवावे लागत नाही आणि एका गटात १,०२४ सभासद सामावतात. परंतु व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर व्हॉट्सॲप म्हणजे रोजमेळ. जे आले ते तारखेच्या क्रमाने उतरले. आज एका जाणकाराने दिलेले सविस्तर उत्तर उद्या शुभेच्छांच्या चित्रांखाली दडपले जाते आणि चार महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. शिवाय सभासदांना एकमेकांचे मोबाइल क्रमांक दिसतात. मौल्यवान संग्रहाची छायाचित्रे आणि मालकाचा क्रमांक एकाच ठिकाणी असणे कितपत शहाणपणाचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

टेलिग्रामवर क्रमांक झाकता येतो, सभासदसंख्या दोन लाखांपर्यंत नेता येते आणि नव्या सभासदाला मागील चर्चा वाचू देता येते. २०१५ साली व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी सुरू झालेल्या डिस्कॉर्डवर विषयवार दालने करता येतात. ज्येष्ठांना मात्र तेथील मांडणी गोंधळाची वाटू शकते. फेसबुकवर माणसे आधीच असतात, पण कोणाला काय आधी दिसावे हे बहुधा तेथील यंत्रणाच ठरविते.

याहून वेगळा मार्ग म्हणजे डिस्कोर्स किंवा पीएचपीबीबी यांसारखी मुक्त प्रणाली. येथे प्रत्येक विषयाचे स्वतंत्र पान असते. जलचिन्हांविषयीचे सारे एका ठिकाणी, बनावट तिकिटांविषयीचे दुसऱ्या ठिकाणी. हीच छंदाची खतावणी. ती सर्वांसाठी खुली ठेवली, तर दहा वर्षांनी येणारा नवखाही शोध घेऊन उत्तरापर्यंत पोहोचू शकतो. त्यासाठी जागेचे भाडे, संकेतनामाचे वार्षिक शुल्क आणि देखभाल करणारा माणूस मात्र लागतो.

हा खर्च कशासाठी करावा? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गुगल प्लसची वैयक्तिक खाती एप्रिल २०१९ मध्ये मिटविण्यात आली. याहू ग्रुप्सने डिसेंबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकण्यास आरंभ केला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच संपली. अनेक छंदमंडळांची वर्षानुवर्षांची चर्चा तेथे होती. ज्यांनी मुदतीत प्रत उतरवून घेतली त्यांची वाचली, इतरांची गेली. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटताना भाडेकरार वाचणारा व्यापारी ज्ञानाच्या बाबतीत मात्र विनाकरार राहतो, हे नवल होय.

म्हणून निवडीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, सर्व मजकुराची प्रत उतरवून घेता येते काय? दुसरी, जुने उत्तर एका मिनिटात सापडते काय? तिसरी, सत्तरीचा संग्राहक आणि शाळकरी नातू दोघांनाही ते वापरता येते काय? चौथी, व्यवस्थापनाच्या किल्ल्या निदान दोघांकडे आहेत काय? एकट्याच्या आजारपणाने वा रुसव्याने सर्वांचे दार बंद होऊ नये. खरेदी-विक्रीचा विभाग चर्चेपासून निराळा ठेवावा, म्हणजे सल्ला आणि सौदा यांची सरमिसळ होत नाही.

लहान मंडळाला मधला मार्ग पुरेसा आहे. बैठकीची सूचना आणि प्रदर्शनाची तारीख व्हॉट्सॲपवर द्यावी; टिकाऊ प्रश्नोत्तरे विषयवार पानांवर नोंदवावीत. आरंभी दहा-बारा जणांनी महिनाभर वापरून पाहावे, नेहमी विचारले जाणारे वीस प्रश्न उत्तरांसह आधीच लिहून ठेवावेत आणि मगच इतरांना बोलवावे. रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक थांबत नाही.

रोजमेळावरून खतावणी करण्याचे कष्ट प्रत्येक पेढीने घेतले, म्हणून जुने हिशेब आजही उलगडतात. छंदाच्या बाबतीतही कोणीतरी ते कष्ट घेतले पाहिजेत. मग नातवाच्या हाती शत्रुंजयाचे ते तिकीट येईल, तेव्हा त्याविषयी काय विचारावे आणि कोठे शोधावे, हे त्याला ठाऊक असेल.