धोकादायक माल आणि चालकाचे प्रमाणपत्र : ब्रिटनमधील नियम काय सांगतात?

सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमधील पेट्रोलपंपांवर वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. साठवण केंद्रांत इंधन होते. ते पंपांपर्यंत पोहोचवू शकणाऱ्या चालकांची मात्र वानवा होती. सरकारने ४ ऑक्टोबरपासून लष्करी चालकांना मदतीस पाठवले आणि मुदत संपत आलेल्या काही ‘एडीआर’ प्रमाणपत्रांना तात्पुरती मुदतवाढ दिली. एरवी वाहतूक व्यवसायाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले हे प्रमाणपत्र त्यामुळे चर्चेत आले. अवजड वाहन चालवण्याचा परवाना असलेल्या कोणत्याही चालकाला पेट्रोलचा टँकर का चालवता येत नाही, या प्रश्नाचे उत्तर या प्रमाणपत्रात आहे.

एडीआर म्हणजे काय?

धोकादायक मालाच्या रस्त्यावरील आंतरराष्ट्रीय वाहतुकीसंबंधीचा करार ३० सप्टेंबर १९५७ रोजी जिनिव्हा येथे झाला आणि २९ जानेवारी १९६८ पासून अमलात आला. त्याच्या फ्रेंच नावाच्या लघुरूपावरून तो ‘एडीआर’ म्हणून ओळखला जातो. दर दोन वर्षांनी त्यात सुधारणा होते. आज पन्नासहून अधिक देश या कराराचे सदस्य आहेत. ग्रेट ब्रिटनमध्ये २००९ च्या धोकादायक माल वाहतूक नियमांद्वारे तो देशांतर्गत वाहतुकीलाही लागू होतो.

या करारानुसार मालाचे नऊ वर्ग पडतात. स्फोटके, वायू, ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घन पदार्थ, ऑक्सिडीकारक, विषारी व संसर्गजन्य पदार्थ, किरणोत्सारी पदार्थ, क्षरणकारी पदार्थ आणि इतर संकीर्ण धोके असे हे वर्ग होत. लिथियम बॅटऱ्यांचा समावेश शेवटच्या वर्गात होतो.

प्रशिक्षण आणि परीक्षा

सर्व चालकांसाठी एक पायाभूत अभ्यासक्रम असतो. त्याशिवाय टँकर, स्फोटके आणि किरणोत्सारी पदार्थ यांसाठी स्वतंत्र विशेष अभ्यासक्रम आहेत. पायाभूत अभ्यासक्रमाला किमान १८ तासिका, टँकरसाठी १२, तर स्फोटके व किरणोत्सारी पदार्थ यांसाठी प्रत्येकी ८ तासिका असाव्यात, असे करारात नमूद आहे. एक तासिका साधारणतः ४५ मिनिटांची असते. प्रथमोपचार, अग्निशमन आणि अपघातप्रसंगी करावयाची कार्यवाही यांचे प्रात्यक्षिकही आवश्यक असते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर चालकाला छायाचित्र असलेले कार्ड मिळते आणि ते प्रवासात जवळ बाळगणे बंधनकारक असते.

हे कार्ड पाच वर्षे वैध असते. मुदत संपण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत उजळणी अभ्यासक्रम व परीक्षा पूर्ण केल्यास नवे कार्ड जुन्याची मुदत संपलेल्या दिवसापासून लागू होते. मुदत उलटल्यास मात्र प्रशिक्षण पहिल्यापासून घ्यावे लागते. व्यावसायिक अवजड वाहनचालकांना दर पाच वर्षांनी ३५ तासांचे जे नियमित प्रशिक्षण घ्यावे लागते, ते वेगळे. त्याने एडीआर कार्डाची गरज भागत नाही.

व्हॅनचालकांनाही लागू

हा नियम केवळ मोठ्या ट्रकपुरता आहे, असा गैरसमज आढळतो. वस्तुतः वाहनाच्या वजनावर प्रमाणपत्राची आवश्यकता अवलंबून नसते. ती माल, त्याचे प्रमाण आणि तो टँकरमध्ये आहे की पिंपांत, यावर ठरते. पिंपे वा डबे यांतून एका वाहनात ३३३ लिटरपर्यंत पेट्रोल किंवा १००० लिटरपर्यंत डिझेल नेताना एडीआर कार्ड लागत नाही. काही अत्यंत घातक पदार्थांसाठी ही मर्यादा २० किलो किंवा शून्यही आहे. निरनिराळे पदार्थ एकत्र नेताना प्रत्येकाचे गुण मोजून बेरीज हजाराच्या आत राहते का, हे पाहावे लागते.

मर्यादेच्या आत असलेला व्यवसायही पूर्णतः मुक्त नसतो. चालकाला कामापुरते प्रशिक्षण देणे आणि वाहनात दोन किलोचे अग्निशामक ठेवणे आवश्यकच असते. रंग, रसायने, गॅस सिलिंडर यांचा व्यापार करणाऱ्या लहान व्यावसायिकांनी ही बाब ध्यानात ठेवायला हवी.

फलकाची भाषा

प्रशिक्षणात चालक जे शिकतो, त्यात फलक वाचणे महत्त्वाचे असते. नारिंगी फलकावरील चार अंकी क्रमांक संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १००५ म्हणजे अमोनिया. ब्रिटनमधील टँकरवर त्यासोबत अग्निशमन दलासाठी सांकेतिक अक्षरे असतात. पेट्रोलच्या ‘३वायई’ या संकेतातील ३ हा अंक फेसाचा वापर सुचवतो, तर शेवटचे अक्षर परिसर रिकामा करण्याचा विचार करण्यास सांगते.

मार्गाची निवडही याच ज्ञानावर अवलंबून असते. बोगद्यांचे ए ते ई असे गट आहेत. पेट्रोलच्या टँकरला डी आणि ई गटांतील बोगद्यांतून जाता येत नाही. तेच पेट्रोल पिंपांत असल्यास बंदी केवळ ई गटापुरती असते. आपत्काळात काय करावे, याच्या लेखी सूचना चालकाच्या कक्षात हाताशी ठेवाव्या लागतात आणि त्या चालकाला वाचता व समजता येईल अशा भाषेतच देण्याची जबाबदारी वाहतूकदारावर असते.

भारतातील नियमांशी तुलना

भारत या कराराचा सदस्य नाही; तथापि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नववा नियम याच धर्तीवर आहे. चालकाला तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, तसेच आठव्या अनुसूचीतील एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणे आवश्यक असते. अशा परवान्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षे झाली. नूतनीकरणापूर्वी एक दिवसाची उजळणी असते. टँकरवरील संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक दोन्हीकडे समान असला, तरी भारतातील ही नोंद ब्रिटनमध्ये एडीआर कार्डाऐवजी चालत नाही.

या सर्व काटेकोरपणामागे कटू अनुभव आहेत. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनमधील लोस अल्फाकेस या पर्यटक तळाजवळ मर्यादेपेक्षा अधिक प्रोपिलीन भरलेला टँकर पेटून दोनशेहून अधिक माणसे दगावली. जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ टँकर उलटून लागलेल्या आगीत चौघांचा बळी गेला. अशा प्रसंगी अग्निशमन दल येईपर्यंतची पहिली काही मिनिटे बहुधा एकट्या चालकाच्याच हाती असतात. इंजिन बंद करणे, लोकांना दूर नेणे, मालाचा क्रमांक अचूक कळवणे आणि टाकीपर्यंत पोहोचलेली आग विझवण्याच्या फंदात न पडणे, एवढे तरी त्याला त्या क्षणी आठवावे, यासाठीच ही परीक्षा आणि तिची पाच वर्षांची मुदत आहे.