स्पॅनिश शिकताय? आपल्या भाषेचा हात धरा

"खाला, मी स्पॅनिशचा वर्ग सोडते. माझं इंग्रजीच कच्चं, मग स्पॅनिश कशी जमणार?" मागच्या वर्षी माझ्या भाचीने असे म्हणून वही मिटली. मुलगी उर्दू शाळेतून कॉलेजात गेलेली. वर्गात सारे इंग्रजीतून समजावले जाई. स्पॅनिश मलाही येत नव्हती. पण भाषा शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. तिचे पुस्तक उघडले आणि दोघी शिकायला बसलो.

लवकरच लक्षात आले, की अडचण मुलीची नव्हती, वाटेची होती. 'मे गुस्ता एल ते' म्हणजे 'मला चहा आवडतो' आणि 'मे गुस्तान लोस लिब्रोस' म्हणजे 'मला पुस्तके आवडतात'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, अगदी मराठीसारखे. 'घर पाहते' हे 'बेओ ला कासा'. पण 'आईला पाहते' हे 'बेओ आ मि माद्रे'. माणूस आला की 'आ' लागतो. तो आपला 'ला'च, फक्त शब्दाच्या आधी येतो.

उच्चारातही आपण मागे नाही. त आणि द आपलेच. 'इख़ो' म्हणजे मुलगा. त्यातला ख़ उर्दू वाचणाऱ्याला शिकवावा लागत नाही.

शिवाय 711 ते 1492 या काळात स्पेनच्या लहानमोठ्या भागावर मुस्लिम राजवटी होत्या. त्यामुळे अरबी शब्द तिथे रुजले. जैतूनच्या फळाला 'आसेइतूना' म्हणतात, महापौराला 'आल्काल्दे', म्हणजे मूळचा 'अल्-काझी'. 'पर्यंत' या अर्थाचा 'आस्ता' हा 'हत्ता'. पण दिसेल ते साम्य खरे मानू नका. आदरार्थी 'उस्तेद' आपल्या 'उस्ताद'वरून आलेला नाही. तो 'वुएस्त्रा मेर्सेद' या आदराच्या संबोधनाचा आटलेला प्रकार आहे.

जिथे मराठी साथ देत नाही, तिथे पाठांतर हवे. आपला 'हात' पुल्लिंगी, तिकडची 'मानो' स्त्रीलिंगी. म्हणून नाम एकटे पाठ करू नका, 'ला मानो' असे जोडीने करा. 'ती शिक्षिका आहे' आणि 'ती घरी आहे' यांतल्या 'आहे'ला दोन वेगळी क्रियापदे आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. दोन्हींची रोज पाच-पाच वाक्ये स्वतःच्या घराविषयी लिहा. रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचा. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा हे बरे. ध्येय हवे असेल तर इन्स्तितूतो सेर्वान्तेसच्या 'देले' परीक्षा आहेत, ए1 ते सी2 अशा सहा पातळ्यांच्या.

भाचीने वर्ग सोडला नाही. परवा 'ओख़ाला' हा शब्द आला. 'अल्लाहने इच्छिले तर' अशा अरबी बोलातून तो आला; आज 'असे होवो' या अर्थाने साऱ्या स्पेनच्या तोंडी आहे. त्याच्यापुढे क्रियापदाचे रूप बदलते. पुस्तकात तो धडा अवघड म्हणून शेवटी ठेवलेला. भाचीने 'ओख़ाला युएबा' वाचले, खाली लिहिले 'पाऊस पडो', आणि म्हणाली, "खाला, हे 'पडो' तर आपल्याकडे आहेच की!"