सुटे भाग बदलल्यानंतर ट्रॅक्टर बंद पडतो? तपास कसा करावा

कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी, अशी शिफारस आपण नेहमी वाचता. परंतु या महिन्याभरातही भारी जमिनीत वाफशाचे दिवस थोडेच मिळतात. नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टर शेतात बंद पडला, तर वरच्या थरातील ओल उडून जाते व उगवण विरळ होते. हे नुकसान पुढे खत किंवा मशागत देऊन भरून निघत नाही. म्हणून पीकशास्त्राचा अध्यापक असूनही प्रस्तुत लेखात इंजिनाविषयी लिहीत आहे.

घरचा अनुभव

२०२२ च्या रब्बीत आमच्या घरच्या ट्रॅक्टरला पेरणीपूर्वी नवा डिझेल फिल्टर व टाकीपासूनची नवी रबरी नळी बसविली. दोन्ही वस्तू मूळ कंपनीच्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पेरणीयंत्र जोडून दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर इंजिन गचके देऊन बंद पडू लागले. हातपंप मारला की सुरू होई व पुन्हा बंद पडे. मेकॅनिकने डिझेल पंपावर संशय घेतला. पंप उतरवून तालुक्याला तपासणीस पाठविला, तो निर्दोष निघाला. शेवटी दोष सापडला तो नव्या नळीत. ती जुनीपेक्षा किंचित सैल होती व क्लॅम्प आवळूनही सांध्यातून हवा ओढत होती. नळी काही रुपयांची, पण वाफशाचे तीन दिवस गेले आणि राहिलेल्या चार एकरांत ज्वारी तुटक उगवली.

यातून घ्यावयाचा धडा एवढाच, की ज्या भागाला शेवटी हात लागला, तपासाची सुरुवात तेथून करावी. कालपर्यंत नीट चालणारा डिझेल पंप फिल्टर बदलल्याच्या दिवशीच बिघडावा, असे क्वचितच घडते.

डिझेलचा मार्ग समजून घ्या

डिझेल टाकीतून कॉक, गाळणवाटी व नळीमार्गे फीड पंपात येते. तेथून ते फिल्टरमधून डिझेल पंपात व पुढे उच्च दाबाने नोझलकडे जाते. या मार्गाचे दोन भाग लक्षात ठेवावेत.

टाकी ते फीड पंप हा ओढीचा भाग होय. येथील सांधा सैल असला तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. त्यामुळे दोष डोळ्यांना दिसत नाही. फीड पंपाच्या पुढचा भाग दाबाचा असतो. तेथील सांधा सैल असल्यास डिझेल पाझरते व त्यावर धूळ चिकटून ओला डाग दिसतो. म्हणून 'कोठेच गळत नाही, म्हणजे सांधे ठीक आहेत' असे समजू नये.

लक्षणांवरून कारण ओळखा

१) थोडा वेळ चालून बंद पडते, हातपंप मारल्यावर सुरू होते : इंधनात हवा शिरते. नवी नळी, गाळणवाटीचे रबर, फिल्टरचे रिंग व तांब्याचे वायसर तपासावेत. फिल्टरचे जुने रिंग खाचेत तसेच राहून त्यावर नवे बसणे, ही नेहमी होणारी चूक आहे.

२) अर्ध्या तासाने बंद पडते, विसावल्यावर आपोआप सुरू होते : टाकीचे झाकण नवे आहे काय, ते पाहावे. झाकणाला हवेचे छिद्र नसल्यास किंवा ते बुजल्यास टाकीत पोकळी निर्माण होते. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर कारण सापडले असे समजावे.

३) रिकामे चालते, ओझे पडताच दम टाकते : फिल्टर तुंबला असेल किंवा हलकी रबरी नळी डिझेलने मऊ होऊन ओढीने चपटी होत असेल. काळा धूर असल्यास एअर क्लीनर पाहावा. ऑईल बाथ प्रकारात तेल खुणेपेक्षा अधिक भरू नये.

४) मंद गतीवर आणताच बंद पडते : नवी ॲक्सिलरेटर किंवा बंद करण्याची केबल लांबीला कमी आहे काय, ते पाहावे. केबल ताणलेली राहिल्यास पंपावरील दांडी पूर्ण मागे येत नाही.

५) गचके न देता एकदम बंद पडते : ज्या ट्रॅक्टरमध्ये पंपावर विजेचा सोलेनॉईड असतो, त्यात त्याची तार सैल असू शकते. जादा दिवे किंवा टेप बसविताना याच तारेतून जोडणी घेतली असल्यास ती प्रथम काढावी.

डब्याची चाचणी

संशय पक्का करण्यासाठी स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घेऊन तो फीड पंपापेक्षा उंच ठेवावा. चांगल्या नळीने ते थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडावे. हवा काढून इंजिन चालवावे. आता इंजिन नीट चालले, तर दोष टाकी, झाकण, गाळणवाटी किंवा नळी यांत आहे. तरीही बंद पडले, तर फीड पंप व त्यापुढील भाग तपासावा. अर्ध्या तासाच्या या चाचणीने पंप विनाकारण उतरविण्याचा खर्च वाचतो.

हवा काढण्याची रीत

कॉक उघडून फिल्टरवरील एअर स्क्रू सैल करावा. फेस थांबून अखंड धार येईपर्यंत हातपंप मारावा व धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. नंतर डिझेल पंपावरील स्क्रूजवळ हेच करावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा धरली, तर सांध्यातील दोष तसाच आहे असे समजावे.

हे करू नये

नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. उच्च दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते. तसे झाल्यास जखम लहान दिसली तरी तात्काळ रुग्णालय गाठावे. डिझेल पंपाचे सील शेतावर तोडू नये. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे उत्सर्जन मानक लागू झाले आहे. त्यांपैकी कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनाच्या दाबनळ्या स्वतः सैल करू नयेत.

खरेदी व बसविताना दक्षता

बाजारातील प्रत्येक पर्यायी भाग वाईट असतो असे नाही. मात्र जुना भाग सोबत नेऊन लांबी, आतील व्यास, आटे व रिंगची जाडी जुळवून पाहावी. नळी डिझेलसाठीचीच मागावी. पावती जपावी. एका वेळी एकच भाग बदलून इंजिन तासभर ओझ्यावर चालवून पाहावे व मगच दुसऱ्याला हात लावावा. जुना भाग हंगाम संपेपर्यंत फेकू नये. संशय आल्यास तोच परत बसवून खात्री करता येते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही कामे पेरणीच्या तोंडावर काढू नयेत. बियाणे व खताची जुळवाजुळव करतानाच, निदान पंधरा दिवस आधी, ट्रॅक्टरचे सुटे भाग बदलून घ्यावेत. म्हणजे दोष निघालाच तर तो घराच्या अंगणात निघेल, वाफशावर आलेल्या शेतात नाही.