समुद्रातील हाकेला उत्तर येण्यास १४ वर्षे

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळातून वाचलेल्या केरळ व तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास लागल्या. तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरील अनेक कॅथोलिक धर्मग्रामांतील मच्छीमार बांधव मात्र परतलेच नाहीत. ३० नोव्हेंबरला चक्रीवादळ जाहीर झाले, तेव्हा त्यांच्या होड्या समुद्रात होत्या आणि त्यांना निरोप देण्याचे साधन नव्हते.

समुद्रात शोध व बचावाची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाची आहे. मदतीचा दूरध्वनी क्रमांक १५५४. पण किनारा सुटला की मोबाईलची रेंजही सुटते. म्हणून इस्रोने तयार केलेले संकट-संदेश यंत्र २०१० पासून वापरात आले. आग, बुडती नौका, पाण्यात पडलेला माणूस, आजारपण यांपैकी योग्य ते बटण दाबले की उपग्रहामार्फत नौकेचे ठिकाण नियंत्रण केंद्राला व तेथून तटरक्षक दलाला कळते. उणीव एकच, पण जीवघेणी: हाक पोहोचली की नाही, हे मच्छीमाराला कळत नसे. २०१९ मध्ये आलेल्या ‘जेमिनी’ यंत्राची गोष्ट उलटी. ते वादळाची सूचना देई, परंतु त्यावरून हाक मारता येत नसे.

हाक आणि तिची पोच एकाच यंत्रात देणारी सुधारित आवृत्ती इस्रोने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. उत्तर मोबाईलवर मातृभाषेत वाचता येते. उपग्रह सोडणाऱ्या देशाला एवढ्यासाठी १४ वर्षे लागावीत, हे आम्हांस खटकते.

पाचूबंदर, अर्नाळा, उत्तन येथील नाखवांनी आपल्या नौकेवर यंत्र आहे का, असल्यास जुने की नवे, याची मच्छीमार सहकारी संस्थेत चौकशी करावी.