कामाचा आरसा : संगणकीय सहायकाचा वापर-अहवाल

मिठागरे आणि उत्तनच्या किनाऱ्यावरील मासेमारी ही मीरा-भाईंदर परिसराची जुनी ओळख होय. येथील ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये नगरपरिषद स्थापन झाली व २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. एके काळी ग्रामपंचायतीच्या कपाटात मावणारी घरपट्टीची नोंद एवढ्या मोठ्या वस्तीसाठी संगणकाशिवाय ठेवणे दुरापास्त आहे. राज्यातील इतर वाढत्या शहरांचीही हीच स्थिती आहे. नागरिकाच्या हाती पडणारे देयक बरोबर की चूक, हे आता संगणकाच्या आज्ञावलीवर अवलंबून असते. म्हणूनच ती आज्ञावली कशी लिहिली जाते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

नवा मदतनीस

आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या हाती अलीकडे एक नवे साधन आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा हा सहायक साध्या भाषेतील सूचना वाचून आज्ञावलीचा मजकूर तयार करतो. २०२१ मध्ये ‘गिटहब कोपायलट’ प्रायोगिक स्वरूपात उपलब्ध झाला. पुढची ओळ सुचविणे, हे तेव्हा त्याचे मुख्य काम होते. २०२५ मध्ये आलेल्या ‘क्लॉड कोड’सारख्या साधनांची मजल याहून पुढे गेली. ती संपूर्ण प्रकल्प वाचतात, अनेक फायलींत बदल करतात आणि चाचण्याही चालवितात.

परंतु मदतनीस हुशार असला, म्हणजे काम आपोआप चांगले होते असे नाही. काम सांगणाऱ्याला ते नीट सांगता आले पाहिजे व झालेले काम तपासताही आले पाहिजे. या दोन्ही गोष्टी सवयीच्या आहेत आणि आपल्या सवयी आपल्याला क्वचितच दिसतात.

अंदाज आणि वस्तुस्थिती

‘मीटर’ या अमेरिकन संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात १६ अनुभवी तंत्रज्ञांनी स्वतःच्या परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे केली. काही कामांत सहायक वापरण्यास मुभा होती, काहींत नव्हती. सहायकामुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल, असा तंत्रज्ञांचा आरंभीचा अंदाज होता. काम संपल्यावरही २० टक्के वेळ वाचला, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्ष मोजणीत मात्र वेळ १९ टक्क्यांनी अधिक लागल्याचे आढळले. हा निष्कर्ष सर्व तंत्रज्ञांना व सर्व कामांना लागू करता येणार नाही. साधनेही त्यानंतर बदलली आहेत. तथापि, स्वतःच्या कामाविषयी अनुभवी माणसाचा अंदाजही किती चुकू शकतो, हे त्यातून स्पष्ट होते.

अहवालात काय असते

ही उणीव भरून काढण्यासाठी वापर-अहवालाचा उपयोग होतो. असे अहवाल दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार आकडेवारीचा होय. किती सूचना मिळाल्या, किती स्वीकारल्या व साधन किती दिवस वापरले, हे त्यातून कळते. दुसरा प्रकार वर्तनाचा आहे. ‘क्लॉड कोड’मधील ‘इनसाइट्स’ ही आज्ञा दिल्यावर अलीकडच्या संभाषणांचे विश्लेषण होऊन असा अहवाल तयार होतो. कोणत्या प्रकारची कामे सोपविली, गाडी कोठे अडली आणि कोणती पद्धत बदलावी, हे त्यात मांडलेले असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. थकीत मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती आकारणारी आज्ञावली लिहावयाची आहे. तंत्रज्ञाने एवढेच सांगितले की, ‘२ टक्क्यांप्रमाणे शास्ती काढ.’ सहायकाने ती चक्रवाढ पद्धतीने काढली. १०,००० रुपयांच्या थकबाकीवर बारा महिन्यांची शास्ती सरळ पद्धतीने २,४०० रुपये होते, तर चक्रवाढ पद्धतीने सुमारे २,६८२ रुपये. एका घरामागे २८२ रुपयांचा हा फरक हजारो देयकांत शिरला, तर त्याचा भुर्दंड नागरिकांना बसेल आणि तक्रारींचा भार कार्यालयावर पडेल.

महिनाअखेरीच्या अहवालात ‘नियम अपुरा सांगितल्याने तीच दुरुस्ती पुनःपुन्हा करावी लागली’ अशी नोंद दिसली, तर दोष सहायकाचा आहे तसाच सूचनेचाही आहे, हे तंत्रज्ञाच्या ध्यानी येते.

सवय कशी बदलावी

अहवाल वाचून लगेच दहा गोष्टी बदलू नयेत. एक दोष निवडावा, त्यावर एक उपाय योजावा आणि पुढील अहवालात परिणाम पाहावा. एकच नियम रोज नव्याने सांगावा लागत असेल, तर तो प्रकल्पाच्या सूचना-फायलीत कायमचा लिहून ठेवावा. संभाषण लांबत जाऊन सहायक आरंभीच्या अटी विसरत असेल, तर प्रत्येक कामासाठी नवे संभाषण सुरू करावे. चुका उशिरा सापडत असतील, तर ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशी चार-पाच उदाहरणे प्रथम द्यावीत व ती बरोबर सुटल्याखेरीज काम स्वीकारू नये. वरील प्रकरणात २,४०० रुपयांचे एक उदाहरण आधी दिले असते, तर चूक त्याच दिवशी पकडली गेली असती.

आकड्यांची मर्यादा

येथे अधिकाऱ्यांनी विशेष सावध राहणे आवश्यक आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार असा की, नियंत्रणासाठी एखाद्या मापावर दाब पडू लागला, की त्या मापाचा भरवसा उरत नाही. ज्याने अधिक सूचना स्वीकारल्या तो अधिक कार्यक्षम, असा निकष लावल्यास सूचना न वाचताच स्वीकारल्या जातील. अहवाल सुधारेल, काम बिघडेल. शाळेतील हजेरीपट भरलेला असला, म्हणजे मुलांना वाचता येते असे नव्हे, हे शिक्षकांना सांगावयास नको.

शिवाय हा अहवालही यंत्रानेच केलेला असतो. त्याचा अर्थ चुकू शकतो, म्हणून तो मूळ कामाशी ताडून पाहावा. संभाषणांत नागरिकांची नावे, भ्रमणध्वनी क्रमांक किंवा थकबाकीचा तपशील आलेला असेल, तर तो अहवालातही उतरण्याचा संभव असतो. अशा माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ चा अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. चाचणीसाठी खऱ्या नोंदींऐवजी काल्पनिक नोंदी वापरणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

बाहेरील संस्थेकडून आज्ञावली करून घेणाऱ्या कार्यालयाने किंवा ग्रामपंचायतीने सहायक वापरला की नाही, एवढेच विचारून थांबू नये. नियम कोणी लेखी दिले, कोणत्या उदाहरणांवर चाचणी झाली व मागील चुकांतून पद्धतीत काय बदलले, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे समजण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. देयकातील चूक नागरिकाच्या दारी पोहोचण्यापूर्वी लिहिणाऱ्याच्या टेबलावर सापडावी, हाच या अहवालाचा खरा उपयोग आहे.